उमरखेडवाली पुस्तकं

ग्रंथपालांच्या अधिवेशनाला कोणी ज्ञान मिळवायला जात नाही, हे आधीच सांगून टाकते. मी दारव्ह्याजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. जिल्ह्याचं एकही अधिवेशन मी चुकवलेलं नाही, पण त्यातलं एक भाषण आठवेल तर शपथ. ठराव तेवढे पाठ आहेत, कारण ते दरवर्षी तेच असतात. अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करा, रिक्त पदं भरा, ग्रंथपालाला पोषण आहाराच्या कामाला जुंपू नका. हात वर होतात, टाळ्या पडतात आणि सोमवारी आम्ही पुन्हा तांदळाची पोती उतरवून घ्यायला उभे राहतो.

तरी जायचं. नव्यानं नोकरीला लागलेल्यांना मी अधिवेशन कसं वापरायचं ते सांगत असे. पहिल्या दोन रांगांत बसायचं नाही, तिथून उठता येत नाही. उद्घाटन चालू असताना नोंदणीच्या टेबलापाशी रेंगाळायचं, कामाची माणसं तिथंच भेटतात. जेवायला आपल्या तालुक्याच्या घोळक्यात बसायचं नाही, त्यांची रडगाणी वर्षभर ऐकतोच आपण. आणि येताना रिकामी नाही, भरलेली पिशवी आणायची. या शेवटच्या सल्ल्यावर लोक हसायचे.

यंदा मात्र यवतमाळला जाताना माझी पिशवी मलाच जड झाली होती. तिच्यात उमरखेडच्या एका शाळेची पुस्तकं होती आणि ती घ्यायला तिकडून कोण येणार हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या हाती ती दरवर्षी द्यायची त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, तर आम्ही दोघींनी बारा-तेरा वर्षं चालवलेला एक रिवाज त्या दिवशी बंद पडणार होता. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन मी बसले होते आणि बाहेर तुरी फुलावर आल्या होत्या, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

हा रिवाज पडला तो एका घोटाळ्यातून. त्या काळी अधिवेशन दोन दिवसांचं असायचं. एखादी शाळा यजमान असायची. बायकांची झोपण्याची सोय सातवीच्या वर्गात, पुरुषांची हॉलमध्ये. बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरायच्या. फळ्यावर कोणत्या तरी मास्तरांचं गणित अर्धवट राहिलेलं असायचं आणि आमच्यातली एखादी ते सोडवल्याशिवाय झोपायची नाही. सकाळी आंघोळीच्या गरम पाण्यासाठी रांग, मग पोहे, मग दुपारी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि वर कढवलेलं तेल. तो गोळाभात आता मिळत नाही. आता अधिवेशन एका दिवसात उरकतं आणि खोक्यातलं जेवण हातात देतात. सगळं सोयीचं झालं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही.

अशाच एका वर्षी माझ्या शेजारच्या सतरंजीवर उमरखेडच्या बाई होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. घरचं सायकल दुरुस्तीचं दुकान, नवरा आणि दीर ते चालवायचे. त्यांच्या घरातल्या नोकरी करणाऱ्या त्या पहिल्याच बाई. सगळे त्यांना आपा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी झोपण्याआधी उमरखेडच्या बेकरीतली नानकटाई वर्गभर वाटली आणि उरलेला पुडा उद्यासाठी म्हणून पिशवीत ठेवला.

पिशव्या यजमान शाळेनं दिलेल्या होत्या. खाकी रंगाच्या, वर अधिवेशनाचं नाव लाल अक्षरांत. सगळ्यांच्या सारख्या. त्या वर्षी पुस्तकांची मांडणीही ठेवली होती, त्यामुळे प्रत्येकानं आपल्या शाळेतली वीसेक चांगली पुस्तकं आणली होती. समारोप लांबला, शेवटची एसटी निघायची वेळ झाली, आणि जी ती आपापली पुस्तकं पिशवीत कोंबून बसस्टँडकडे पळाली. जी माणसं पुस्तकाच्या पाठीवर नंबर डकवल्याशिवाय ते जागेवर ठेवत नाहीत, त्यांच्यापैकी एकीलाही पिशवीवर आपलं नाव लिहायचं सुचलं नाही.

घरी येऊन पिशवी उघडली तर वर नानकटाईचा पुडा. खाली अनोळखी पुस्तकं. आम्ही पहिल्या पानावर शिक्का मारतो तो सगळ्यांना दिसतो. पण प्रत्येक शाळेचं एक गुप्त पानही ठरलेलं असतं, म्हणजे कोणी पहिलं पान फाडून पुस्तक ढापलं तरी आतल्या पानावरचा शिक्का बोलतो. आमचं गुप्त पान सतरावं. या पुस्तकांत सतराव्या पानावर काही नव्हतं, एकविसाव्यावर उमरखेड होतं.

शिक्क्यात शाळेचा फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी फोन लावला. आपांना बोलावून आणेपर्यंत मी गेलेल्या पुस्तकांची यादी पुन्हा पुन्हा वाचत होते, कारण पुस्तक गहाळ होणं म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं ते आम्हालाच माहीत. आपा फोनवर आल्या त्या हसतच. "मॅडम, तुमचे पुस्तकं माह्यापाशी हायत. अन् माही नानकटाई तुमच्यापाशी. पुस्तकं सांभाळून ठेवा, नानकटाई खाऊन टाका. थे वर्षभर नाही टिकत."

दारव्हा कुठं आणि उमरखेड कुठं. वीस पुस्तकांसाठी रजा टाकून पुसदवरून तिकडं जायला ना त्यांना जमणार होतं ना मला. एसटीनं पाठवायची तर वाटेत हरवायची भीती, म्हणून पुढच्या अधिवेशनात अदलाबदल करू असं ठरलं.

आता अडचण अशी की वर्षभर ही पुस्तकं ठेवायची कुठं. आमच्या कपाटात ठेवणं शक्य नव्हतं. तिथं दाखल क्रमांकाप्रमाणे रांग, तिच्यात परक्या शाळेचे नंबर घुसवले तर रांगेचा बट्ट्याबोळ. शिवाय तपासणीला साहेब आले आणि आमच्या कपाटात दुसऱ्या शाळेचा शिक्का निघाला, तर उत्तर देता देता माझी पुरेवाट. मी नियमाची पक्की आहे, लोक त्याला खडूसपणा म्हणतात. तेव्हा नियमाप्रमाणे ती पुस्तकं कपाटाबाहेरच राहिली. खिडकीखालच्या टेबलावर, उघडी.

आमची स्वतःची पुस्तकं कशी असत हे सांगायला हवं. खाकी कव्हरात, कुलपात. कव्हर घातलं की मुखपृष्ठ झाकलं जातं आणि सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. कपाट उघडायचं ते मी समोर असताना, आणि घरी पुस्तक द्यायचं ते वर्गातल्या पहिल्या पाचांना. यात मी काही जगावेगळं करत नव्हते. जिल्ह्यातले सगळे ग्रंथपाल हेच करत. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना एकेक पुस्तक दाखवावं लागतं आणि कमी भरलं तर ते आपल्यावर येतं, हे पहिल्या दिवशीच मनावर कोरलं जातं.

टेबलावरची पुस्तकं माझ्या चार्जमध्ये नव्हती. आपांनी मांडणीसाठी कव्हरं काढून आणली होती, त्यामुळे चित्रं दिसत होती. पोरं मधल्या सुट्टीत येऊन उभ्या उभ्या चाळू लागली. एक मुलगी म्हणाली, घरी नेऊ का? मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायला कोणता नियम लावायचा ते सुचेना. नेलं तिनं. मग दुसऱ्यानं नेलं. महिन्याभरात टेबलावर पुस्तक टिकेना. पोरांनी त्यांना नावही ठेवलं, उमरखेडवाले. "मॅडम, उमरखेडवाले संपले का?" असं दारातून विचारायची. माझ्या कपाटात हजारांवर पुस्तकं होती आणि पोरं तिकडं पाठ करून या वीस पुस्तकांसाठी भांडत होती. मला राग यायचा आणि मजाही वाटायची.

वर्षानं अधिवेशनात आपा भेटल्या तेव्हा माझा चेहरा पडलेला होता. एका पुस्तकाचं शेवटचं पान गेलं होतं, एकावर भाजीचं तेल सांडलं होतं, एक कापसाच्या ढिगात राहून मळलं होतं. मी एकेक काढून दाखवत होते आणि माफीची वाक्यं जुळवत होते. आपांनी तेलाचा डाग नाकाशी नेला आणि म्हणाल्या, वांग्याची होती वाटते. मग त्यांनी माझी पुस्तकं काढली. त्यांची हालत आणखी वाईट होती. एक तर कोणाच्या तरी लग्नात निजामाबादला जाऊन आलं होतं. माझी कोरी करकरीत, खाकी कव्हरातली पुस्तकं. कव्हरं पोरांनी केव्हाच काढून टाकली होती. त्यांनीही तीच अडचण आली म्हणून बाहेर ठेवली होती, टेबलावर.

आम्ही दोघी सातवीच्या वर्गात सतरंजीवर त्या फाटक्या पुस्तकांच्या मध्ये बसलो होतो. आपांनी एक पुस्तक मांडीवर घेऊन त्याची दुमडलेली पानं सरळ केली. मग म्हणाल्या, "आपले पुस्तकं आपल्याच्यानं देवत नाही जी. दुसऱ्याचे देवते. मंग असंच करू ना."

तेव्हापासून दरवर्षी आम्ही वीस-पंचवीस पुस्तकं बदलत आलो. वर्षभर त्यांची माझ्याकडे, माझी त्यांच्याकडे. परत यायची ती मळून यायची, मी चिकटपट्टी लावायचे आणि नवी निवडायचे. हा व्यवहार कोणत्या परिपत्रकात बसतो ते आम्ही कधी तपासलं नाही. हळूहळू माझ्या स्वतःच्या कपाटाचंही कुलूप सैल झालं, ते काही एका दिवसात नाही. पण पोरांना ओढ होती ती उमरखेडवाल्यांचीच. हिवाळा लागला की विचारायला सुरुवात, अधिवेशन कधी आहे? अधिवेशनाची वाट पाहणारी मुलं माझ्या शाळेत होती, हे मी आयोजकांना सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

आपा गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. त्या फोनवर म्हणाल्या होत्या की माझ्या जागेवर कोणी तरी येईल, त्याला समजावून सांगते, पिशवी त्याच्या हाती द्या. म्हणून यंदा मी आल्या आल्या नोंदणीच्या टेबलापाशी उभी राहिले. उमरखेड तालुक्यापुढं दोन नावं होती, दोन्ही दुसऱ्या शाळांची. आपांच्या शाळेचं विचारलं तर टेबलावरचे सर म्हणाले, तिथून कोणाचा निरोप नाही. उद्घाटन झालं, पाहुण्यांनी वाचन संस्कृतीवर बोलून घेतलं, मी दाराकडे बघत बसले. चहाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली आणि मग व्हरांड्यात जाऊन आपांना फोन लावला.

मी सरळ विचारलं, तुमच्या शाळेतून कोणी आलं नाही, पिशवी एसटीनं पाठवू का?

आपांनी आधी पिशवीत कोणकोणती पुस्तकं आहेत ते विचारून घेतलं.  मग हळूहळू सांगितलं. जागा भरलीच नाही. चार्ज ऑफिसातल्या बाबूंनी घेतला; माझ्याकडे असलेली पुस्तकं कमी भरली, त्यांचे पैसे आपांनी भरून टाकले. खोलीत आता मोडके बाक ठेवले आहेत आणि चावी ऑफिसात टांगलेली असते. कपाटं आतच आहेत. त्या दोनदा जाऊन आल्या, दर आठवड्याला दोन तास येऊन बसते म्हणाल्या, फुकट. तर हो-नाही कोणी म्हटलं नाही. मला सांगायची लाज वाटली, म्हणाल्या. म्हणून कोणी येईल असं सांगत राहिल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "माह्या शाळेचे पुस्तकं घरी धाडू नका. इकडं कुलूप हाय. तिकडं कोणाले तरी देऊन टाका."

मी म्हटलं, आपा, पण शिक्का तुमचा आहे.

"राहू द्या शिक्का. शिक्का काय वाचतो का?"

मी माझ्या पुस्तकांचं विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. चार्ज देताना माझी पुस्तकं त्यांच्या शाळेच्या मोजणीत आली नाहीत, म्हणून त्या ती घरी घेऊन आल्या. आता ती दुकानात, पंक्चरच्या डब्याशेजारच्या फळीवर असतात आणि हवा भरायला आलेली पोरं तिथंच बसून वाचतात. काळजी करू नका म्हणाल्या, ग्रीसचे हात पुसूनच देतो.

फोन ठेवल्यावर मी व्हरांड्यातच उभी राहिले. मला आपांच्या शाळेचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर राग त्या एकट्या शाळेचा नव्हता. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. आमच्या संस्थेतली एक जागा अशीच गेली, तिथंही कोणी आलं नाही. आपांच्या खोलीत जे मोडके बाक आहेत ते माझ्याही खोलीत येणार, हे मला त्या क्षणी दिसलं.

जेवणाचं खोकं घेऊन मी माझ्याच जुन्या सल्ल्याप्रमाणे अनोळखी माणसाशेजारी बसले. बाभुळगावकडच्या एका शाळेचे सर होते, गळ्यात शिट्टी. मूळचे खेळाचे शिक्षक. त्यांच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या आणि कपाटांची चावी यांच्या हाती आली. मुख्याध्यापकांनी अधिवेशनाला जा म्हणून पाठवलं आणि सकाळपासून हा भला माणूस पहिल्या रांगेत अडकला होता. मी विचारलं, पुस्तकं देता का पोरांना? ते म्हणाले, चावी घेतल्यापासून कपाट उघडलंच नाही.

"एखांदं हरवलं तं माह्या अंगावर येईन ना जी. काहून उघडू?"

मी विचारलं, बॉल देता का पोरांना? देतो की, म्हणाले. फुटतात का? फुटतातच. मग बॉल कपाटात का नाही ठेवत, म्हटलं. ते हसले, पण त्यांना पटलं नव्हतं. बॉल कशासाठी असतो ते मला माहीत आहे, म्हणाले, पुस्तकाचं मला कळत नाही आणि चार्ज माझ्या नावावर आहे.

मग मी पिशवी पुढं केली. ही तुमच्या चार्जमध्ये नाहीत, म्हटलं. माझ्याही नाहीत. कपाटात ठेवायची नाहीत, टेबलावर ठेवायची. कोणी मागितलं तर द्यायचं. हरवली तर तुम्हाला कोणी विचारणार नाही, वाचली गेली तर मात्र मला फोन करायचा. त्यांनी एक पुस्तक काढलं, शिक्का पाहिला आणि विचारलं, उमरखेडवाले मागायला आले तर? मी म्हटलं, नाही येणार. त्यांनी पुस्तक परत पिशवीत ठेवलं.

बदल्यात आपल्या शाळेची पुस्तकं द्यायची असतात, ती वर्षानं परत येतात, हे मात्र मी बजावलं. कोणती द्यायची, त्यांनी विचारलं. मी सवयीनं सांगितलं, ज्यांच्या कडा जास्त मळल्या असतील ती, पोरांना तीच आवडतात. ते विचार करून म्हणाले, आमच्याकडे तर सगळीच कोरी आहेत. मग कोणतीही द्या, म्हटलं. आठवड्याभरात आणून देतो म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून हॉलमध्ये गेले. या खेपेला शेवटच्या रांगेत बसले.

ठरावांना हात वर केला आणि समारोपाआधीच निघाले. बसस्टँडवर दारव्ह्याची गाडी लागायची होती. हातात काही नव्हतं, आणि दोन्ही हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून पुन्हा आपांना फोन लावला. खेळाच्या सरांचं सांगितलं. शिट्टीचं ऐकून त्या खूप हसल्या. दुसऱ्या तालुक्यात गेली म्हणजे बरंच झालं, म्हणाल्या, बाभुळगाव मी पाहिलं नाही, माझी पुस्तकं तरी पाहतील. मग म्हणाल्या, तुमची पुस्तकं परवा दारव्ह्याच्या गाडीत ठेवते, ड्रायव्हर ओळखीचा आहे.

ती आमच्या शाळेची निवडक पुस्तकं होती. सतराव्या पानावर माझ्या हातचा शिक्का होता. दोन वर्षांनी चार्ज देताना ती कमी भरतील आणि मला उत्तर द्यावं लागेल, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. इतक्या वर्षांची सवय.

"राहू द्या आपा," मी म्हटलं. "माझीही घरी धाडू नका."

फोनमधून आपांच्या मागे दुकानात पंप मारल्याचा आवाज येत होता आणि एक पोरगा पुढचं पान कुठाय म्हणून कोणाला तरी विचारत होता. माझी गाडी लागली, लोक चढू लागले, तरी मी फोन कानाला लावून उभी होते. पुस्तक परत येणार नाही याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला, आणि बसस्टँडवर चारचौघांत मी रडत होते.